मागच्या एक्सलचा आवाज आणि मामांचा कान

आमच्या द्वारका चौकाजवळच्या गॅरेजमधली जुनी बेअरिंगं भंगारवाला नेतो. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते साठतच जातात! बहुतेक मागच्या एक्सलचे, आणि सगळे दगडूमामांचे. मामा गॅरेजचे मालक, मी वीस वर्षं त्यांच्या हाताखाली.

*

मागून आवाज येतो म्हणून गाडी आली, की पाना उचलायच्या आधी गाडी रिकामी करायची, हा मामांचा नियम.

अंबडच्या एका सुपरवायझरची व्हॅन आली. वळण आलं की मागे धाडकन! दुसऱ्या गॅरेजने अख्खा एक्सल उतरवायला सांगितला होता. मामांनी मागचं सीट उचललं, तर खाली दगडी वरवंटा! टाकी लावून खडबडीत करायला नेलेला, तिथेच राहिलेला.

साहेब हळूच म्हणाले, "मामा, हा इथेच ठेवून घेता का? चोरीला गेला असं घरी सांगून बसलोय!"

*

घोटीचा पंडित तांदळाची पोती वाहतो. एकदा त्याची पिकअप आली.

"मामा, मागचं चाक लय तापतंय. हात ठेववत नाय!"

मामांनी दोन्ही चाकांच्या हबवर तळवा ठेवून पाहिला. दोन्ही गार! ऑइल गळतंय का पाहावं, तर टिपूस नाही.

"वाटेत कुठे थांबलास?"

"वॉशिंगला. तुमच्याकडं घाण गाडी कशी आणायची?"

मामांनी कपाळावर हात मारला. "अरे, डॉक्टरकडे जाताना कोणी ताप धुऊन जातं का?"

*

मागच्या वर्षी मात्र आमचं हसणं थांबलं. मामांना कमी ऐकू यायला लागलं.

मी गाडी चालवायची, त्यांनी मागे बसून ऐकायचं, ही आमची पद्धत. ॲक्सिलरेटर सोडल्यावर आवाज बदलला, तर दोष एक्सलच्या मधल्या गोळ्यात. नाही बदलला, तर चाकाच्या बेअरिंगमध्ये. आता ते मलाच विचारायचे, "बदलला का रे?" एकदा मी "हो" म्हटलं, गोळा उघडला, आणि आत सगळं ठणठणीत!

"आता शटर कायमचं ओढतो," मामा म्हणाले. मला फार वाईट वाटलं. शेवटी त्यांच्या मुलीने कानाचं मशीन आणून दिलं.

*

दुसऱ्याच दिवशी पंडित हजर. "मागून घूं घूं करतीय मामा. या टायमाला धुतली नाय!"

मशीन लावून मामा मागे हौद्यात बसले. मी चालवत होतो, पंडित शेजारी. पाच मिनिटांत मामा केबिनची मागची काच बडवायला लागले. मी गाडी बाजूला घेतली.

"पंडित, विकून टाक ही! फाळका वाजतोय, पत्रा वाजतोय, साखळी वाजतेय, काय वाजत नाही ते सांग!"

पंडितचं तोंड एवढंसं झालं. गाडी गेली तर त्याचा धंदाच गेला.

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी मशीन काढून खिशात टाकलं आणि दोन्ही तळवे हौद्याच्या पत्र्यावर टेकवले, एक डाव्या चाकाच्या वर, एक उजव्या. "चल. वेग धर, मग पाय सोड."

मी तसं केलं. दोनदा. पुन्हा काच वाजली.

"डाव्या चाकाचं बेअरिंग!"

गॅरेजमध्ये चाक खोललं. डावं बेअरिंग तापून निळं पडलं होतं!

संध्याकाळी मुलगी आली. तिने मोठ्याने विचारलं, "बाबा, मशीनचा उपयोग झाला का?"

"खूप!" मामा म्हणाले. "काढल्याबरोबर सगळं स्पष्ट ऐकू आलं!"