कोरड्या वाफ्यातली खापरं

आमच्या मुकादमांना सगळी बाग कंजूषदादा म्हणायची, आणि हे नाव मीच पाडलं होतं. माझी जीभ पहिल्यापासून तिखट. एकतीस वर्षं ज्या माणसाने बागेला पाणी पाजलं, तोच एक दिवस पाणी बंद करा म्हणाला, मग दुसरं काय म्हणणार?

त्यांचाही इलाज नव्हता. तलाव आटला होता, बागेचा नळ आठवड्यातून एकदा यायचा, आणि गुलाबांचा अख्खा उतार वाळून कोळसा झाला होता. बागेच्या अधिकारी, मोठ्या मॅडम, म्हणाल्या, फरशी घालून टाकू, कटकट नको. दादांनी हात जोडून एक उन्हाळा मागून घेतला. उतारावरच त्यांनी चाळीस झाडांचा एक वाफा केला. खाली खडी, वर रेताड माती, आणि त्यात कमी पाण्यावर जगणारी झाडं: कोरफड, घायपात, चंदेरी पानांची बुटकी झुडपं. रुजेपर्यंत पाणी, नंतर थेंबही नाही. निम्मी जरी जगली तर सगळा उतार तसाच लावायचा, नाहीतर फरशी. दादांचा जीव त्या वाफ्यात अडकला होता.

"झाडांना उपाशी मारणार तुम्ही," मी म्हणायची.

"अगं, ती दुपारी पानं मिटून घेतात, मरत नाहीत. त्यांच्याकडे दुपारी बघायचंच नाही. सकाळी बघायचं."

नवरा गेल्यावर मी इथे रोजंदारीवर लागले, तेव्हा मला झारीसुद्धा धड धरता येत नव्हती. दादांनीच शिकवलं. फुटक्या कुंडीचं खापर बुंध्याशी ठेवायचं आणि धार त्यावर सोडायची, म्हणजे माती उकरली जात नाही, मुळं उघडी पडत नाहीत. बाकीचे माळी कंटाळा करायचे. बागेत ही सवय आम्हा दोघांनाच होती.

ऐन उन्हाळ्यात दादांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. पंधरा दिवस वाकायचं नाही, धुळीत यायचं नाही. जाताना मला म्हणाले, "वाफा डोळ्यांत तेल घालून सांभाळ. काही करायचं नाही, एवढंच काम आहे."

"काही न करण्यात माझा हात कोण धरणार!" मी म्हटलं.

तेच जमलं नाही मेलं. चौथ्या दिवशी दुपारी मी तिथून गेले, तर चंदेरी झुडपांनी माना टाकलेल्या. सगळे जेवायला गेल्यावर मी रोपवाटिकेच्या टाकीतून झारी भरून आणली, प्रत्येक बुंध्याशी लहानसं खापर ठेवलं आणि पाणी घातलं. दोन दिवसांनी पानं पिवळी पडली. मला वाटलं, कमी पडलं, म्हणून आणखी घातलं. सडणारं झाड आणि तहानलेलं झाड दिसायला सारखंच असतं, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? अति तिथे माती म्हणतात. मी तर मातीचाही चिखल केला.

दादा यायच्या आदल्या दिवशी मी खापरं काढायला लवकर गेले, तर दादाच वाफ्यात उकिडवे बसलेले, डोळ्यांवर काळा चष्मा. एरवी म्हटलं असतं, काय हो, सिनेमात निघालात की काय! त्यांच्या हातात एक उपटलेलं झुडूप होतं आणि ते मुळाचा वास घेत होते. "सडलंय," एवढंच म्हणाले. वाफ्यात एकही खापर दिसेना. झाडूवालीने उचलली असतील, असं मी धरून चालले. दादांचे दोन्ही खिसे फुगले होते. मला वाटलं, डोळ्यांची औषधं असतील.

दहाला मॅडम आल्या. निम्म्याहून जास्त झाडं सडलेली. "पाणी कुणी घातलं?"



"मीच," दादा म्हणाले. "रजेवर जाताना राहवलं नाही. भरपूर घातलं."

मी मूग गिळून उभी राहिले. खरंच घातलं असेल, मी मनाशी म्हटलं. म्हणजे दोघांच्या पाण्याने सडलं, म्हणजे माझा दोष निम्माच. स्वतःला सोडवायला माणूस किती हुशार असतो! माझं नाव निघालं असतं तर त्याच दिवशी मला घरी बसवलं असतं. दादांची मुकादमी गेली. त्यांना तिकीटखिडकीत बसवलं, समोर उतार. फरशी बसताना त्यांनी रोज पाहिली. दोन वर्षं मी जाता-येता "काय कंजूषदादा" म्हणत राहिले आणि ते हसत राहिले. खरं सांगायला एक मिनिट लागलं असतं. ते मिनिट मी काढलं नाही, याची मला लाज वाटते.

निवृत्त झाल्यावर वर्षभरात ते गेले. मी त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा वहिनींनी एक बिस्किटांचा डबा माझ्या हातात ठेवला, चांगलाच जड.

"तुला द्यायला सांगितलं होतं त्यांनी. मी म्हटलं, हा केर कशाला जपताय? तर म्हणाले, राहू दे, तिच्या हाताला चांगली सवय आहे. कधी उतार पुन्हा लावला तर लागतील तिला."

डब्यात खापरं होती, धुऊन पुसून एकावर एक रचलेली.

मी आता कायम झालेय. उतार माझ्याकडेच असतो. रोज सकाळी मी ती फरशी झाडते.