दहाचा अकरावा घात

बी.एस्सी. झाल्यावर मला पहिली नोकरी हिंगणघाटच्या एका छोट्या खासगी डेअरीत लागली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. काम दुधातले जंतू मोजायचं. नमुना काचेच्या थाळीत घालून दोन दिवस ठेवायचा, मग उगवलेले ठिपके मोजायचे. म्हणजे आकडा हाती येईतो ते दूध लोकांच्या पोटात गेलेलं असे. हे लक्षात आलं त्या दिवसापासून मी ऑफिसातला चहा सोडला.

एका सकाळी दहा-दहा लिटरचे दोन कॅन आले. एक भाजीपाला पिकवणाऱ्या बाईचा. ती कॅन उकळत्या पाण्यानं धुऊन, उन्हात पालथा घालून मगच दूध भरायची. दुसरा जवळच्या जाम गावाच्या नाक्यावरून दूध गोळा करणाऱ्या दुधवाल्याचा. त्याच्या झाकणाच्या रबराखाली पिवळा, चिकट थर साचलेला, त्यात मेलेल्या माश्या. मी दोन्हींचे नमुने घेतले आणि मॅनेजरांनी त्या बाईच्या देखतच दोन्ही कॅन एकाच पिंपात ओतायला लावले.

दोन दिवसांनी हिशेब मांडला. बाईच्या कॅनमध्ये ४ × १०⁸ जंतू, दुधवाल्याच्या कॅनमध्ये ३ × १०¹¹. बेरजेसाठी आधी घात सारखे केले: ०.००४ × १०¹¹ आणि ३ × १०¹¹. एकूण ३.००४ × १०¹¹. पिंपभर त्या दुधवाल्याचीच घाण होती.

मॅनेजरांनी रजिस्टर पाहिलं. "एवढा मोठा घात काऊन लिहून राह्यल्या? चार न् तीन सात. सात गुणिले दहाचा आठवा घात लिहा."

"साहेब, अशी बेरीज होत नाही."

"तपासणीवाल्याले कुठं समजते? आन् चांगल्यात मिसळलं का खराबबी सुधरते."

मी खोडलं आणि ७ × १०⁸ लिहिलं. खाली माझी सही. सही करताना स्वतःच्या हाताची शिसारी आली.

संध्याकाळी ती बाई दूध घेऊन आली तेव्हा दारात थांबली. "बाई, माह्या दुधाचं काय निघालं?"

"चांगलं निघालं. एकदम चांगलं."

"मंग ते त्या सडक्या दुधात काऊन ओतलं?"

मी रजिस्टर मिटून ठेवलं. तिनं भरलेला कॅन उचलला, तशीच परत गेली आणि दुसऱ्या दिवसापासून गावात घरोघरी दूध घालू लागली.

मी मात्र पुढं आठ महिने तिथंच सह्या करत राहिले.