बिसी नीरूची परीक्षा

आमच्या घरात परीक्षा असली की मिक्सर बंद होतो.

परीक्षा अर्थातच माझी असते, कारण कॉलेजात जाणारा घरात मी एकटाच. माझ्या वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, बेंगळुरूच्या बसवनगुडीत गाद्यांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे गोदाम, वर आम्ही. परीक्षेत काय विचारतात हे घरात कुणालाच माहीत नाही, त्यामुळे सगळे जण तिला फार मान देतात. टीव्ही बंद, कुकरच्या शिट्या बंद. आम्ही इडली चटणीशिवाय खातो. आप्पांची थोरली बहीण आमच्याकडेच असते, तिला सगळी गल्ली अक्का म्हणते. ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर स्टूल टाकून बसते आणि नारळवाल्यालासुद्धा खुणेनं पुढे हाकलते.

एवढं प्रेम मिळत असताना मी मन लावून बी.कॉम. करायला हवं होतं. मी मात्र बँड शोधत होतो. बेंगळुरूत कुणाच्या तरी गच्चीवर, गॅरेजमध्ये, पाण्याच्या टाकीखाली सतत कुठला ना कुठला रॉक बँड नवीन गाणं बसवत असतो, आणि ते ऐकायला त्यांच्या शेजाऱ्यांशिवाय कुणी नसतं (आणि शेजाऱ्यांना ते ऐकायचं नसतं). मी अशा बँडना आमच्या गोदामात बोलवायचो, गाणं मोबाइलवर टिपायचो आणि माझ्या छोट्याशा चॅनेलवर टाकायचो. गोदामाच्या चारही भिंतींना, एका झरोक्यापुरती जागा सोडून, छतापर्यंत कापसाच्या गाद्या. आत ड्रम फोडला तरी बाहेर कुणीतरी उशी झटकतंय एवढंच वाटतं. रविवारी दुपारी दुकान बंद असायचं आणि आप्पा कापूस नाहीतर फोम आणायला गावाबाहेर जायचे. म्हणून घरात कुणाला पत्ता नव्हता.

मग बिसी नीरू आले.

बिसी नीरू म्हणजे कन्नडमध्ये गरम पाणी. गाणारी मेघना, ड्रमवर तन्मय, आणि गिटारवाले दोघे भाऊ, जे एकमेकांशी फक्त गिटारवरच बोलायचे. मी आजवर ऐकलेल्या नव्या बँडमध्ये हा सगळ्यात चांगला. पण त्यांना कुठेच वाजवायला मिळत नव्हतं. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, "याआधी कुठे वाजवलंय?" कुठेच नाही म्हटलं की फोन बंद. तन्मयला पुण्याची नोकरी लागली होती. तो म्हणाला होता, एक तरी कार्यक्रम मिळाला तर नोकरीला नाही म्हणेन, नाहीतर जातो. आणि तन्मय गेला की बँड संपला, हे चौघांनाही माहीत होतं.

मी धीर करून इंदिरानगरमधल्या एका हॉलच्या मॅडमना लिहिलं. तिथे दर आठवड्याला एका नव्या बँडला संधी मिळते. त्यांचं उत्तर आलं : "रेकॉर्डिंग नको, ते कुणीही घासूनपुसून देतं. रविवारी दुपारी लाइव्ह दाखवा, मी बघेन. निवेदक कोण आहे?"

मी लिहिलं, "मीच."

मनातून मला तेच हवं होतं. बँड त्यांनी घ्यावा आणि निवेदक म्हणून मलाही घ्यावं.

शनिवारी जेवताना मी आप्पांना सांगायला सुरुवात केली. "आप्पा, उद्या दुपारी गोदामात माझं जरा... म्हणजे ऑनलाइन... एक मॅडम बघणार आहेत."

"कोण मॅडम?"

"त्या बघून ठरवणार. घ्यायचं की नाही."

आप्पांनी घास खाली ठेवला. "परीक्षा आहे?"

लाइव्ह सेशनला आमच्या घरच्या मराठीत काय म्हणतात ते मला सुचेना. मी म्हटलं, "समजा, परीक्षाच."

"समजा कशाला?" आप्पा म्हणाले. "आधी सांगायचंस की. मी होसकोटेला फोम आणायला जातोय. तू निवांत बस."

आईनं उठून मिक्सरची पिन काढली.

रविवारी बँड आला तेव्हा अक्का स्टुलावर बसलेली होती. मी गोदामात वायरी लावत होतो आणि दाराच्या फटीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"कुठे निघालात?" अक्कानं कन्नडमध्ये विचारलं.

"गोदामात, अक्का."

"आज जाता येणार नाही. नागूची परीक्षा आहे."

"माहीत आहे," मेघना म्हणाली. "आमचीही आहे. चौघांची."

अक्काचा स्वर एकदम मऊ झाला. "अगो, मग जा की. पाणी हवंय? आणि या पेटीत काय?"

"ड्रम," तन्मय म्हणाला.

"परीक्षेला ढोल?"

तन्मय इंजिनियर. तो शांतपणे म्हणाला, "प्रॅक्टिकल आहे."

हा शब्द अक्कानं टीव्हीवर ऐकलेला होता. तिनं स्टूल बाजूला सरकवलं, वर प्रत्येकाच्या हातावर साखर ठेवली. मी आत घाम पुसला. आता फक्त गाणी नीट व्हायला हवी होती.

सगळी व्यवस्था साधी होती. एक मोबाइल स्टँडवर, त्यातूनच चित्र आणि आवाज दोन्ही जाणार. दुसरा माझ्या हातात, लोकांना कसं ऐकू जातंय ते तपासायला. कानावर मोठे हेडफोन. मी समोर उभा राहिलो आणि बोलायला लागलो. आधी स्वतंत्र संगीत म्हणजे काय ते सांगितलं. मग बेंगळुरूतल्या गच्च्यांचं महत्त्व सांगितलं. मग पुढचं आठवेना म्हणून तेच पुन्हा सांगितलं. मेघना माझ्याकडे अशी बघत होती, जशी आई उतू जाणाऱ्या दुधाकडे बघते. हातातल्या मोबाइलवर मॅडमचा संदेश उमटला : "गाणं कधी आहे?"

मी बाजूला झालो. गाणं सुरू झालं.

आणि काय सुरू झालं! पहिल्या कडव्यातच माझ्या अंगावर काटा आला. मी कोपऱ्यात गाद्यांना टेकलो, मोबाइल खिशात टाकला, दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबून धरले आणि डोळे मिटले.

नेमके याच वेळी आप्पा होसकोटेहून परत आले. (फोमचं दुकान बंद होतं.) टेम्पोतून उतरून त्यांनी गोदामाच्या झरोक्यातून आत पाहिलं. त्यांना काय दिसलं, ते मला नंतर समजलं. चार अनोळखी माणसं जिवाच्या आकांतानं धिंगाणा घालताहेत आणि परीक्षेला बसलेला त्यांचा एकुलता एक मुलगा कोपऱ्यात, कानांवर हात दाबून, डोळे मिटून, सहन करतोय.

पुढचं अक्काकडून ऐकलं. आप्पा तिच्यावर धावूनच गेले. "कुणाला आत सोडलंस?"

"हळू बोल. प्रॅक्टिकल चाललंय."

"कसलं प्रॅक्टिकल?"

"परीक्षेचं."

"अक्का, बी.कॉमला प्रॅक्टिकल नसतं. अॅडमिशनच्या वेळी मी ऑफिसात मुद्दाम विचारून घेतलंय."

अक्कानं साखरेच्या वाटीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आणि मी त्यांना साखर दिली रे."

या दुःखाच्या भरात तिनं स्वतःच्या हातानं मेन स्विच खाली ओढला.

गोदाम काळोखात बुडालं. गिटार एका क्षणात मेल्या. मेघनाचा माइक गेला. झरोक्यातून येणारी उन्हाची एक पट्टी तेवढी तन्मयच्या झांजेवर पडली होती. पण माझ्या खिशातला मोबाइल उजळलेला होता, आणि स्टँडवरचाही. त्यांना मेन स्विचशी देणंघेणं नव्हतं. म्हणजे आमचं मरण मॅडमना लाइव्ह दिसत होतं.

"थांबू?" तन्मय कुजबुजला.

"थांबलास तर बघ," मेघना म्हणाली.

तन्मय वाजवत राहिला. ड्रमला वीज लागत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मेघना मोबाइलच्या जवळ सरकली आणि माइकशिवाय, उघड्या गळ्यानं गाऊ लागली. गिटारवाले भाऊ गाद्यांवर तळव्यांनी ठेका धरायला लागले. शेवटची ओळ आली, तिनं सूर वर नेला आणि दार धाडकन उघडलं.

दारात आप्पा. हातात कापड मोजायचा लाकडी गज.

"निल्सी!" ते कन्नडमध्ये ओरडले. थांबवा. आणि लगेच मराठीत, "लाज नाही वाटत? पोराची परीक्षा चाललीय!"

गाणं त्याच क्षणी संपलं. ते तिथेच संपायचं होतं, पण हे आप्पांना कुठून माहीत असणार. ते स्वतःच्या दराऱ्यानं जरा चकितच झाले.

मी धावलो. "आप्पा, परीक्षा माझी नाही, त्यांची आहे."

"त्यांची? मग आपल्या गोदामात कशाला?"

"त्यांना दुसरीकडे कुणी बसू देत नाही म्हणून. मॅडम बघताहेत. त्या मोबाइलमधून. आत्तासुद्धा."

आप्पांनी मोबाइलकडे पाहिलं. गज पाठीमागे लपवला. "आत्ता मीपण दिसतोय?"

"हो."

त्यांनी केसांवरून हात फिरवला. मग खालच्या आवाजात विचारलं, "पेपर संपला?"

"एक गाणं राहिलंय. या पोरांचं सगळं त्याच्यावर आहे, आप्पा. नाही झालं तर हा ड्रमवाला पुण्याला जातो आणि बँड मोडतो."

आप्पांनी तन्मयकडे पाहिलं. परीक्षा म्हणजे काय ते त्यांना कळत नाही, पण परीक्षा बिघडणं म्हणजे काय ते कळतं. ते दारातून ओरडले, "अक्का, स्विच वर कर. त्यांचीच परीक्षा आहे."

"आत्ता तर म्हणालास नाही म्हणून!"

"आता आहे. कर वर."

दिवे आले. गिटारमधून एक कुई निघाली. मी घाईघाईनं मोबाइलसमोर आलो, घसा खाकरला. घडल्या प्रकाराबद्दल चार शब्द सांगणं निवेदक म्हणून माझं कर्तव्य होतं. शिवाय पुढच्या गाण्याची पार्श्वभूमी मी पाठ केली होती. मी म्हटलं, "रसिकहो, कलाकाराच्या वाटेत अनेक..."

"नागू," आप्पा दारातून म्हणाले.

"...अनेक अडथळे..."

"नागू. परीक्षा चालू असताना बोलतात का? पोरांना लिहू दे."

"आप्पा, मी निवेदक आहे."

"असशील. गप्प उभा राहा."

त्यांनी गज माझ्या छातीशी आडवा धरला आणि मला हळूच गाद्यांपर्यंत मागे नेलं. हे सगळं लाइव्ह. मेघनानं माझ्याकडे पाहिलं, मग आप्पांकडे, आणि सरळ गाणं सुरू केलं. काही प्रस्तावना नाही, पार्श्वभूमी नाही.

त्या गाण्यात मला हालायचीही चोरी होती. आप्पा पर्यवेक्षकासारखे येरझारा घालत होते. मी पायानं ठेका धरला तर पायाकडे बघायचे. टेम्पोवाला पैसे मागायला डोकावला, त्याला त्यांनी ओठांवर बोट ठेवून उंबऱ्यातच गोठवलं. गाणं संपलं तेव्हा टेम्पोवाल्याला टाळी वाजवायची होती. आप्पांनी त्याचा हात धरला.

मग वाट बघणं. बँड गोदामातच बसून राहिला, सामान भरायचा धीर कुणाला होईना. आईनं कॉफी आणली. अक्कानं विचारलं, "निकाल कधी?" तन्मय झांजेचा स्क्रू उगाचच आवळत आणि सैल करत होता. मी मोबाइल मांडीवर पालथा ठेवला होता आणि थोड्या थोड्या वेळानं, वाजला नसतानाही, उचलून बघत होतो.

दिवेलागणीला फोन आला. मी स्पीकर लावायचं धाडस केलं नाही. उठून गाद्यांच्या मागे गेलो. परत आलो तेव्हा सगळे उभे होते.

"घेतलं," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी. दोन्ही गाणी. वीज गेल्यावर तुम्ही जे केलंत ते तसंच हवंय म्हणाल्या."

मेघना मटकन गादीवर बसली. तन्मयनं तिथल्या तिथे पुण्याला फोन लावला आणि फार नम्रपणे नोकरीला नाही म्हटलं. गिटारवाले भाऊ चक्क एकमेकांशी बोलले. अक्का मेघनाच्या तोंडात गूळ कोंबत म्हणाली, "मी म्हटलंच होतं, हुशार पोरं आहेत." आईनं वर जाऊन मिक्सर लावला, तो खालपर्यंत ऐकू आला.

गडबड ओसरल्यावर आप्पा माझ्या शेजारी येऊन बसले.

"पोरं पास झाली."

"हो."

"आणि तुझं काय? तूही होतास ना त्यात?"

"मॅडम म्हणाल्या, पहिल्या गाण्याआधी त्या दोनदा मोबाइल बंद करणार होत्या. दुसरं गाणं वेळेवर सुरू झालं ते बरं झालं म्हणाल्या. रविवारी मी यायला हरकत नाही, पण बोलायचं नाही."

आप्पांनी शेजारच्या गादीची शिवण चाचपली. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "परीक्षा त्यांची, आणि नापास तू?"

"हो, आप्पा."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "सरी, ठीक आहे. कॉलेजात हेही शिकवत असतील."

मी मान हलवली. नापास होण्याच्या या एका विषयाला मला शिकवणी लावावी लागली नव्हती.