वजूच्या ड्रमची किल्ली

त्या दुष्काळात उसाअभावी सहकारी साखर कारखाना बंद होता आणि त्याचा टँकर आठवड्यातून दोनदा आमच्या वसतिगृहाला पाणी द्यायचा. कॉलेजात आमचं मुस्लिम विद्यार्थी मंडळ होतं. नव्या पोरांचे फॉर्म भरून देणं, रमजानात पहाटेच्या सहरीची सोय, शुक्रवारी जुम्म्याची नमाज, हे आमचं काम. प्राचार्यांच्या मागे लागून आम्ही वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्यासाठी, वेगळा ड्रम मिळवला. सचिव म्हणून त्याच्या कुलपाची किल्ली माझ्या कमरेला आली. युसूफ वडगाव या गावच्या बाजारात अब्बा गाद्या भरायचे. कुणाला परवानगी द्यावी असं आमच्या घरात कधी कुणाच्या हातात काही नव्हतं. त्या एवढ्याशा किल्लीनं माझं डोकं फिरलं.

माझ्या खोलीत पाटोद्याकडचा एक बौद्ध मुलगा राहायचा. त्याचे आई-बाप ऊसतोडीला जायचे. तो माझ्यापेक्षा हुशार होता आणि ते मला सलायचं. गुरुवारी मी नव्या पोरांना तयम्मुम करून दाखवलं: पाणी नसेल तेव्हा स्वच्छ मातीवर तळहात टेकवायचे, तोंडावरून, हातांवरून फिरवायचे, की वजू झालं, माणूस पाक, म्हणजे शुद्ध झाला. तोही दारात उभा राहून कौतुकानं बघत होता.

शुक्रवारी सकाळी त्याला हगवण लागली. कपडे खराब झाले. वसतिगृहाची टाकी कोरडी, टँकर थेट शनिवारी.

"एक बादली दे बे. वार्षिक प्रॅक्टिकल हाय, असा कसा जाऊ?"

"वजूचं पाणी हाय ते."

"कालच तू शिकिवलंस ना, पाणी नसलं की माती चालती?"

"नसलं तर. आमचं हाय, कुलपात. तुला न्हाई, तर तू घे माती."

पोरं खदखदून हसली. खरं सांगतो, मला मजा आली.

दुपारी आम्ही वजूला बसलो तेव्हा तो पँटवर टॉवेल गुंडाळून, पेटी उचलून एसटी स्टँडकडे निघाला. प्रॅक्टिकल बुडालं होतं. आमच्यातल्या एकानं नाक दाबलं. नव्यांना नीट दिसावं म्हणून मी सावकाश, नेमाप्रमाणे तीन-तीनदा पाय धूत होतो. तो माझ्यासमोर थांबला.

"झालास का पाक?" त्यानं विचारलं.

मी पायावर चौथ्यांदा पाणी ओतलं.

त्याचं वर्ष गेलं. तो कॉलेजात परत आला नाही. शनिवारी टँकर आला, मी ड्रमचं कुलूप काढलं, तर ड्रम अजून अर्धा भरलेला होता.