हळदकुंकू लावलेले मेन्यू

गेल्या दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी आमच्या शेजारच्या काकांचे मेन्यूंचे खोके रिसायकलिंगच्या ट्रकमध्ये गेले. काका ड्राइव्हवेवर उभे होते. त्याच दुपारी ते सीनिअर होममध्ये राहायला गेले.

खाण्यापेक्षा मेन्यूवर जास्त जीव असलेला दुसरा माणूस शिकागोच्या आसपास तरी मी पाहिलेला नाही. काका हायवे बांधणारे इंजिनिअर आणि पक्के शाकाहारी. त्या काळी हायवेलगतच्या फॅमिली रेस्टॉरंटांत बिनमांसाचे चीज सँडविच बहुधा मुलांच्याच मेन्यूवर असे. मेन्यू कागदी, जोकराच्या किंवा इंजिनाच्या आकाराचा, मागे ठिपके जोडायचे चित्र. "सर, हा दहा वर्षांखालच्या मुलांसाठी आहे," असे वेट्रेस म्हणाली की काका शांतपणे सांगत, "मॅडम, माझं पोटही तेवढंच आहे." मेन्यू घडी न पडता घरी येई आणि लेक तो रंगवी. लेक मोठी झाली, रंगवणे सुटले. काकांचे आणणे सुटले नाही. पुढे ते गराज सेलमधूनही जुने मेन्यू शोधून आणू लागले. पाहुण्यांना ते दाखवताना चहा दूरच्या स्टुलावर ठेवायला लावत. "डाग पडेल. ओरिजिनल आहे."

दसऱ्याला आम्ही लॅपटॉप आणि गाडीच्या किल्ल्या पूजत असू. काका प्रत्येक मेन्यूला हळदकुंकवाचे बोट लावत. मी एकदा हसलो. "हसतोस काय? माझी हत्यारं आहेत ही. ह्यांच्यावर जेवून रस्ते केले मी."

घर विकायचे ठरले. होममध्ये एकच खोली मिळणार होती. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून लेक फोनवर म्हणाली, "बाबा, आय हॅव नो रूम. प्लीज, लेट इट गो." काकांनी खोके जुन्या रस्त्यांच्या वस्तू जपणाऱ्या एका छोट्या म्युझियमला पाठवले. ते परत आले. सोबत चिठ्ठी: संग्रह सुंदर आहे, पण प्रत्येक मेन्यूवर मस्टर्ड आणि केचपचे डाग आहेत.

"जन्मात केचप खाल्लं नाही रे मी," काका म्हणाले. त्यांनी फोन करून पूजा समजावून सांगितली. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "हाऊ ब्यूटिफुल! बट सर, दे आर स्टिल स्टेन्स."

गेल्या दसऱ्याला लेक आली होती. काकांनी ह्या वेळीही सगळ्या मेन्यूंना बोट लावले. लेक दारातून पाहत राहिली. मग तिने खोक्यातून एक मेन्यू काढला. त्यावरचा हत्ती जांभळा होता.

"माय एलिफंट," ती म्हणाली. "बाबा, हा तुमच्या रूममध्ये ठेवा."

"तू ने की," काका म्हणाले.

तिने तो काकांच्या बॅगेत ठेवला.

तो मेन्यू आता काकांच्या पलंगाशेजारच्या टेबलावर असतो. मागच्या आठवड्यात मी गेलो, तेव्हा तिथल्या मदतनीस बाईंनी जेवणाचा डाग समजून तो ओल्या फडक्याने पुसला होता. लाल ठिपका निघाला आहे. पिवळा निघालेला नाही.