चिंचेखालची जागा

पंचायतीत एक तरी बाई असली पाहिजे असा वरून कागद आला आणि त्यात माझं नाव घातलं गेलं. माझी काही मोठी लायकी होती म्हणून नव्हे. कारखान्यातल्या साहेबलोकांच्या बायका असल्या मीटिंगला येणार नव्हत्या, गावातल्या बायकांना घरचे पाठवणार नव्हते, आणि मी पडले दोघींच्या मधली. नवरा कारखान्यात कारकून, मी मॅट्रिक, आणि डोक्यावर सासू नाही. शिवाय नळावर मी कोणाचं ऐकून घेत नाही, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. "इथे भांडतेस ती तिथे जाऊन भांड, तेवढीच घरात शांतता," असं नवरा म्हणाला आणि वर हसला. त्या रात्री त्याला शिळी भाकरी वाढली होती, एवढं आठवतं.

पंचायतीचं काम म्हणजे दिवाबत्ती, गटारं, कोंडवाडा, कोणाची भिंत रस्त्यात आली आणि कोणाच्या म्हशीने कोणाचा भाजीचा वाफा खाल्ला. दर महिन्याला हेच. सभा शाळेच्या खोलीत भरायची. आम्ही सगळे पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून आणि सरपंच मास्तरांच्या खुर्चीत. सरपंच गावातलेच, जुन्या शेतकरी घरातले, मनाने बरे, पण कोणी अधिकारी येणार म्हटलं की हातपाय गळायचे. आमचे सगळे ठराव बिनविरोध व्हायचे. खरी भांडणं व्हायची ती नंतर बाहेर, विड्या ओढताना. मला बाहेर थांबता येत नसे, त्यामुळे मी घरापर्यंत धुमसत यायची आणि राग निघायचा तो तव्यावर.

वर्षातलं मोठं काम एकच, शिवमंदिराची महाशिवरात्रीची जत्रा. शेजारी निर्वासितांचा कॅम्प वसल्यापासून तिथले सिंधी लोकही यायला लागले आणि जत्रा दुप्पट झाली. त्या वर्षी जत्रा कमिटीत मला घेतलं, बायकांची रांग सांभाळायला. पिवळ्या कापडाचा बिल्ला दिला. तो मी जरा मिरवलाच, खोटं कशाला बोलू?

त्या साली प्रांतसाहेब दर्शनाला येणार होते. झालं! सरपंचांनी आठवडाभर आधी मैदान साफ करायला माणसं लावली. काटेरी झुडपं तोडली, उकिरडा उचलला, तिथवर ठीक होतं. पण मैदानभर दगड पडलेले होते, तेही उचलले आणि देवळाकडे येणाऱ्या रस्त्याच्या खड्ड्यांत फोडून घातले. साहेबांची जीप आपटायला नको ना!

आता ते दगड काही उगाच पडलेले नव्हते. जत्रेतले जुने दुकानदार पिढ्यान् पिढ्या ठरलेल्या जागी बसायचे, आणि ज्याची त्याची खूण म्हणजे त्याचा दगड. भजीवाल्याच्या चुलीचे तीन, खेळणीवाल्याचा एक उभा, कासारणीचा बसायचा एक सपाट. जत्रा उठली की माणसं जायची, दगड राहायचे. वर्षभर गुरं चरायची, पोरं खेळायची, पण त्या दगडांना कोणी हात लावत नसे. कुठे लिहिलेलं नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं. सरपंचांनाही माहीत होतं हो! पण साहेबांच्या नादात एकालाही आठवलं नाही.

जत्रेच्या दोन दिवस आधी दुकानदार आले आणि मोकळ्या मैदानात येऊन उभेच राहिले. मग जो तो म्हणायला लागला, माझी जागा इथे. भजीवाल्याने आणि खेळणीवाल्याने एकमेकांची गचांडी धरली. नवे आलेले सिंधी दुकानदार एका बाजूला उभे राहून बघत होते, त्यांना तर आयतीच संधी. सरपंचांनी तातडीची सभा बोलावली. मैदानावर चुन्याच्या फक्कीने चौकोन आखायचे, त्यांत नंबर घालायचे आणि चिठ्ठ्या उचलायच्या. एकदा उचललेली चिठ्ठी बदलायची नाही. ठराव बिनविरोध. मलाही ते चोख वाटलं, मीही हात वर केला.

कासारणीला चिठ्ठीत अगदी रस्त्यासमोरची जागा आली. सगळे म्हणाले, म्हातारीचं नशीब उघडलं. आणि तिन्हीसांजेला बघते तर ती माझ्या दाराशी.

"वयनीबाय, मला ती जागा नको. माझी चिंचेखालचीच द्या."

चिंचेखालची जागा म्हणजे देवळाच्या मागच्या अंगाला, ओढ्याकडे उतरताना. तिथे गिऱ्हाईक कसलं फिरकतंय? पाय धुवायला उतरलेल्या बायका तेवढ्या दिसायच्या. मी म्हटलं, "मावशी, वेड लागलंय का तुम्हाला? लोक समोरच्या जागेसाठी डोकी फोडतायत."

ती उंबऱ्याशी बसली आणि पदराचं टोक पिळायला लागली. मग सांगितलं. तिची एकुलती एक लेक बदलापूरच्या पलीकडे एका गावात दिलेली. लग्नात मानपानावरून बोलाचाली झाली आणि सासूने तेव्हापासून माहेर तोडलं. ना सणाला पाठवणी, ना निरोप. पण महाशिवरात्रीला सासू सुनांना घेऊन जत्रेला यायची. ती स्वतः दर्शनाच्या रांगेत उभी राहायची आणि मोठी सून धाकटीला पाय धुवायच्या निमित्ताने ओढ्याकडे आणायची. ही मोठी जाऊ मनाने चांगली. चिंचेखाली कासारीण बसलेली असायची. बांगड्या भरून होईपर्यंत मायलेकींची भेट. रांग देवळाला वळसा घालून जायची, तिथून चिंच दिसत नसे.

"दुसरीकडं बसले तर पोर मला शोधणार कशी? रस्त्यावर तर सासू पहिली बघंल," ती म्हणाली. "वर्साचं तेवढंच हाय माझं."

मी तिला म्हटलं, जागा मिळेल, जा तुम्ही. म्हटलं खरं, पण कशी मिळणार ते मला कुठे माहीत होतं? कारण पंचायतीत माझ्या समोरच्या बाकावर जो सभासद बसायचा तो त्या मुलीच्या नवऱ्याचा सख्खा मामा होता. खरं कारण तोंडातून निघालं असतं तर संध्याकाळच्या आत त्या गावात पोचलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभेत मी उभी राहिले. "कासारणीला चिंचेखालची जागा द्यावी."

"कारण काय, वहिनी?" सरपंचांनी विचारलं.

"तिला हवी आहे म्हणून."

सगळे हसले. मामा सगळ्यात जोरात हसला. "बायकांचं असंच असतं, चांगलं दिलं की वाईट मागतात," म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक सणसणीत उत्तर जिभेवर होतं, पण गिळलं. आयुष्यात मी फार थोडी उत्तरं गिळली, त्यातलं ते एक. सरपंच म्हणाले, ठराव झालाय, आता बदल नाही.

चिंचेखालची चिठ्ठी कॅम्पातल्या एका सिंधी दुकानदाराला आली होती. आरसे, कंगवे, रिबिनी विकायचा. म्हटलं, त्यालाच गाठावं. बराकींच्या रांगांतून विचारत विचारत गेले. तो खाटेवर माल मांडून बसला होता. मी म्हटलं, तुमची मागची जागा द्या आणि रस्त्यासमोरची घ्या. दुसरा कोणी असता तर आनंदाने उडी मारली असती. पण हा धंदेवाला माणूस. त्याने कंगवा खाली ठेवला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"अदी," तो म्हणाला. त्यांच्यात बहिणीला अदी म्हणतात. "आप कमिटीवाली, इतना चलके आयी मेरे पास. फिर उस जगह में कुछ तो होगा. मैं क्यों दूँ?"

घ्या! मी जितकी गळ घातली तितकी त्याला ती जागा सोन्याची वाटायला लागली. शेवटी मी वैतागून म्हटलं, चला, स्वतः बघा. तर हा खरंच आला. माझ्यामागोमाग मैदानावर येऊन आधी रस्त्यासमोरच्या चौकोनात मांडी घालून बसला, आला-गेला बघत राहिला. मग चिंचेखाली जाऊन बसला. कासारीणही तोवर येऊन झाडाशी उभी राहिली होती, चेहरा पांढराफटक. त्याने देवळाकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं, भिंतीच्या वळणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"अदी, ये दुकान की जगह नहीं है," तो धोतर झटकत उठला. "ये तो छुपने की जगह है."

पुढे काही न विचारता त्याने रस्त्यासमोरची जागा कबूल केली. मी तिथल्या तिथे चपलेने चौकोनातला नंबर पुसला आणि फक्कीचं घमेलं ओढून नवा घातला. रस्त्यासमोरही तसंच. सरपंच लांबून बघत होते. ओरडले, "वहिनी, काय चाललंय?" मी म्हटलं, "साफसफाई!"

महाशिवरात्रीला पहाटेपासून रांग लागली. मला उपास, त्यात उन्हात उभं राहणं, त्यात दर दुसरी बाई रांगेत घुसणारी. घसा बसला माझा. ऊन चांगलं चढलं तेव्हा पाणी प्यायच्या निमित्ताने मी चिंचेकडे उतरले, आणि त्याच वेळी त्या दोघी आल्या. मोठी धट्टीकट्टी, धाकटी तिच्यामागे. मी जरा बाजूला थांबले.

कासारणीने लेकीला ओळख दाखवली नाही. "बस बाय," म्हणाली, परक्या गिऱ्हाइकाला म्हणावं तशी, आणि तिचा हात हातात घेतला. हिरवी बांगडी घेतली आणि मुठीवर चढवली. गेल्या साली याच मापाची बांगडी हात दाबून दाबून, तेलाचं बोट लावून चढवावी लागली होती, हे मला तिने नंतर सांगितलं. या वेळी दाबावं लागलंच नाही. बांगडी मनगटावरून सरळ कोपरापर्यंत घसरली आणि तिथे जाऊन थांबली.

कासारीण त्या हाताकडे बघत बसली. मग तिने मुलीच्या कपाळाला हात लावला.

"किती दिस ताप हाय?" तिने मोठीला विचारलं.

"थंडी पडली तवापासून," मोठी रडायलाच लागली. "मावशी, मी दोनदा म्हटलं, डाक्टरला दाखवा. सासूबाई म्हणतात, सोंग करते."

बांगड्या भरून झाल्या की बायका कासारणीला वाकून नमस्कार करतात, तशी रीतच आहे. ती मुलगी वाकली आणि तिला उठताच येईना. आईच्या पायावर डोकं टेकून तशीच राहिली.

कासारणीने पेटारा झाकला, लेकीला दंडाला धरून उभं केलं आणि चालायला लागली. ओढ्याकडे नाही, वर रांगेकडे. मला वाटलं, ही चुकली की काय. ती चुकली नव्हती. वळण ओलांडून ती सगळ्या रांगेसमोर, विहिणीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"पोरीला ताप हाय. मी घरी नेते."

सासू आधी गडबडली, मग तिचा आवाज चढला. "आमची सून हाय ती! आमचं आमी बघू. तू कोण नेणारी?"

"बघितलं तुमचं बघणं," कासारीण म्हणाली, आणि लेकीचा हात धरून वर केला. बांगड्या खळकन् खाली कोपराशी जमा झाल्या. "हा हात बघा!"

सासूने पुढे होऊन सुनेचं दुसरं मनगट पकडलं. दोघी दोन बाजूंना आणि मधे ती, काडीसारखी. मला राहवलं नाही. बिल्ला सरळ केला आणि मधे घुसले.

"सोडा तिला! जत्रेत तापाचं माणूस सापडलं तर कमिटीने ताब्यात घ्यायचं आणि जवळच्या नातेवाइकाच्या हवाली करायचं, असा पंचायतीचा ठराव आहे. साथीचा मामला आहे हा. आईपेक्षा जवळचं कोणी आहे का इथे? नसेल तर प्रांतसाहेब आलेच आहेत, त्यांना विचारू."

असा ठराव कुठला असायला! पण साथ म्हटल्याबरोबर रांगेतल्या बायका चार हात मागे सरकल्या आणि त्यातलीच एक म्हातारी मागून म्हणाली, "बरोबर बोलते ती. दे सोडून गं, किती पाप करशील?" सासूने इकडेतिकडे पाहिलं. मग हात सोडला. "ऱ्हाऊ दे मग तिला तिथंच," म्हणून फणकाऱ्याने पाठ फिरवली. डोळ्यांत भीती होती तिच्या, मला दिसली.

बोभाटा ऐकून सरपंच धावत आले, मागे मामा. "वहिनी, असा ठराव कधी झाला?"

"झालेला नाही," मी म्हटलं. "पुढच्या सभेत घाला आणि बिनविरोध करा. नाहीतर मी उभी राहून या पोरीच्या हाताची गोष्ट सगळ्यांना सांगेन, कोणाच्या घरातली ते नावानिशी." मामा दुसरीकडे बघायला लागला. सरपंचांनी मान खाजवली आणि साहेबांकडे निघून गेले.

मी परत चिंचेखाली आले तेव्हा तिथे बायकांची ही गर्दी! रांगेतली गोष्ट, साथीचं खोटं होतं त्यासकट, जत्राभर पसरली होती आणि जी ती कासारणीकडूनच बांगड्या भरायला आली होती. कासारणीने लेकीला गोणपाटावर बसवलं होतं. पोर आईच्या पाठीला टेकली आणि तशीच झोपून गेली. दिवे लागेपर्यंत कासारीण बांगड्या भरत होती. पेटारा उजव्या हाताला, पण ती एकदाही तिकडे वळली नाही. गिऱ्हाईक बायकाच वाकून माप शोधत होत्या आणि तिच्या हातात देत होत्या.