टेकडीवरचं पहिलं घर

काकाने आमचं सामान घराबाहेर काढलं, तेव्हा आईचे हात पिठात होते. आधी पत्र्याची ट्रंक गेली, मग गाद्या, मग बाबांचा फोटो, हारासकट. मी सातवीत होते, धाकटी बहीण वैशू चौथीत. शाळेचा गणवेश घालून आम्ही दोघी पायरीवर उभ्या होतो आणि टेकडीवरचे तुम्ही सगळे आपापल्या ओट्यावर. कुणी दात घासत होतं, कुणी हंडा भरत होतं. एकही माणूस पुढे आला नाही. आईने मळलेलं पीठ डब्यात भरलं, झाकण घट्ट लावलं, हात धुतले आणि म्हणाली, "चला गो चेडवांनो."

भांडुपच्या टेकडीवरून टेम्पो उतरला तो थेट मुलुंडला, मामाच्या खोलीवर. लोक दुबईला जातात, कॅनडाला जातात आणि गाव दूर राहिलं म्हणून लिहितात. आमचं गाव दोन स्टेशनं दूर राहिलं. पण माझं कॉलेज झालं, नोकरी लागली, वैशू लग्न होऊन मस्कतला गेली, तरी त्या टेकडीवर मी पाऊल ठेवलं नाही. हे मी तुमच्यासाठीच लिहितेय, तिथे राहिलेल्यांसाठी. वैशूला सगळं ठाऊक आहे.

तुमच्यातल्या नव्या पोरांना वाटत असेल, वस्ती पहिल्यापासून अशीच होती. नव्हती. बाबा मालवणकडून आले, गिरणीत लागले आणि चाळीतल्या खोलीत माणसांवर माणसं झोपतात म्हणून टेकडीवर चढले. तेव्हा तिथे नुसती कारवी आणि साप. दिवसपाळी करून आल्यावर ते पहार घेऊन खडक फोडायचे. त्याच दगडांचा गडगा रचून त्यांनी उतारावर घरापुरती सपाट जागा काढली. आई खालच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणायची. मी त्याच घरात जन्मले. टेकडीवर जन्मलेलं पहिलं मूल मी, असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

मग तुम्ही आलात. सावंत, परब, तांबे, सगळे. प्रत्येकाला बाबांनी जागा दाखवली, प्रत्येकाच्या गडग्याला हात लावला. सावंतकाकीचं पहिलं बाळंतपण आईने केलं. आणि गावाहून धाकट्या भावाला, मोहनकाकाला, बाबांनीच आणलं. गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये दोघं सोबत कामाला लागले. बाबा काविळीने गेले तेव्हा काका आईच्या पायाशी बसून रडला होता. वर्षश्राद्ध झालं आणि त्याचा आवाज बदलला. "वैनी, मुली काय, आज ना उद्या परक्या घरी जाणार. घर आपल्या रक्ताकडे राहायला हवं." आमच्या अंगात कुणाचं रक्त होतं, हे कुणी त्याला विचारलं नाही.

मुलुंडला आई एका खानावळीत चपात्या लाटायला लागली. तिचे खांदे गेले, गुडघे गेले. मी काकाचं नाव काढलं की ती म्हणायची, "सोड तां." मी सोडलं नाही. अभ्यास करताना, बँकेची परीक्षा देताना, हप्ते फेडून फ्लॅट घेताना माझ्या डोळ्यांपुढे तोच माणूस असायचा. तो आजारी पडेल, मला हाक मारेल आणि मी जाणार नाही, असं काहीबाही मी मनात रंगवायचे. असं रंगवायची मला लाज वाटत नव्हती. आजही वाटत नाही.

गेल्या वर्षी काका आला. केस पांढरे, सोबत मिठाईचा बॉक्स. त्याच्या मुलाचं, नितीनचं लग्न ठरलं होतं. मुलीकडच्यांनी विचारलं होतं, थोरल्या भावाचं कुटुंब कुठे असतं? "वैनी, तुम्ही मोठ्या. हळदीला तुम्ही हव्यात. जुनं काढू नका," तो म्हणाला. मी त्याला बाहेरचा रस्ता दाखवणार, तेवढ्यात आई म्हणाली, "येतंय मी."

तो गेल्यावर मी आईला खूप बोलले. तिने कपाटातून हिरवट इरकली काढली आणि इस्त्रीला टाकायला सांगितली.

हळदीला अख्खी टेकडी लोटली होती. बाबांच्या जागेवर आता दुमजली घर, दाराशी मांडव, डीजे. काकाने आईला पुढच्या खुर्चीत बसवलं आणि मुलीच्या मामांना सांगितलं, "ही आमची थोरली वैनी. आईच्या जागी मला." तुम्ही सगळ्यांनी हसून माना डोलावल्या. मग हळद लावायची वेळ झाली. आई उठली, वाटीत बोटं घातली, आणि नितीनची आई, काकी, घाईने पुढे आली. "तुम्ही राहू द्या हां वैनी. सवाष्णींचं आधी होऊ दे."

आईने वाटीतून हात काढला नाही. डीजेवाल्याकडे बघून म्हणाली, "बंद कर रे जरा." त्याने केला.

ती मुलीच्या मामांकडे वळली. चपात्या लाटता लाटता जसं बोलायची, तसंच बोलली. "ह्या घराचो पयलो दगड माझ्या घोवान घातलो. तो गेलो, आणि ह्या मोहनान माका नि माझ्या चेडवांक भायर काढल्यान. तुमची पोर ह्या घरात येतली, म्हणान तुमका सांगतंय." मग तिने तुमच्यावरून नजर फिरवली. "ह्यांका इचारा. ह्येनी सगळ्यांनी बगल्यानी."

मामांनी सावंतकाकीला विचारलं, "खरं काय हो?" सावंतकाकी पदराशी चाळा करत राहिली. परबांनी मान खाली घातली. शेवटी तांबेकाका पुटपुटले, "खरं आहे." काका मांडवाचा खांब धरून उभा होता. 

आईने नितीनच्या गालाला हळद लावली. दोन्ही गालांना, सावकाश. "तुझो काय दोष नाय रे," म्हणाली. मग माझा हात धरून उतरली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "भूक लागली गो."

लग्न मोडलं नाही. पण लग्नानंतर सून तिथे राहिली नाही. नितीनने डोंबिवलीला भाड्याने जागा घेतली. दुमजली घरात आता काका आणि काकी दोघंच असतात, आणि समोरून जाताना तुम्ही थांबत नाही, असं ऐकते. वैशू फोनवर अजून विचारते, "काकाचा चेहरा कसा झाला होता गं? परत सांग." मी परत सांगते. दर वेळी थोडं सावकाश.

तुमच्यापैकी काहींचे फोन आले. सावंतकाकी म्हणाली, "येत जा गं, तुमचंच घर आहे." ते आमचं घर नाही. बाबांनी फोडलेला खडक तिथे आहे, माझा जन्म तिथला आहे, आणि तरी मला ते परत नको. मुलुंडच्या आमच्या फ्लॅटला दोन खोल्या आहेत, गॅलरीत आईची तुळस आणि मिरचीची रोपं आहेत. भिंतीपलीकडच्या गुजराती बाई रोज संध्याकाळी आईशी तासभर बोलतात. दोघींना एकमेकींचं निम्मंच कळतं.

मागच्या महिन्यात रविवारी बेल वाजली. काका होता, एकटाच, जिना चढून धापा टाकत. "वैनीशी जरा बोलायचं होतं," म्हणाला. आई आत थाळीत कोलंबी सोलत बसली होती. तिने विचारलं, "कोण गो?"

मी काकाकडे बघत म्हटलं, "कुणी नाही. घर चुकलंय."

दार लावून मी आत आले. आईने आवाज ओळखला असणारच. तिने थाळी थोडी माझ्याकडे सरकवली, आणि मी तिच्यासमोर सोलायला बसले.